सहाव्या टाकीचे पाणी

माझे धाकटे दीर जलशुद्धीकरण केंद्रात अडतीस वर्षे नोकरीला होते. त्यांपैकी शेवटची अकरा वर्षे ते कोळशाच्या गाळणीघराचे मुकादम होते. त्यांचा उल्लेख मी येथे आदरार्थी करणार आहे, कारण नाते तसे आहे. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो, असा गैरसमज वाचणाऱ्याने कृपया करून घेऊ नये.

केंद्रात सगळे त्यांना 'जीभसाहेब' म्हणत. हे नाव इतरांनी ठेवले असे ते सांगत, परंतु ते प्रथम त्यांच्याच तोंडून निघाले, हे मी स्वतः ऐकलेले आहे. कोणी नवा माणूस कामावर आला, की ते नळाखाली पेला धरत, एक घोट घेत, डोळे मिटत आणि गाल फुगवून तो घोट तोंडात इकडून तिकडे फिरवत. मग पाणी थुंकून गंभीरपणे सांगत, "औषध आज कमी पडलंय. वरच्या अंगाला गाळ हललाय." नवा माणूस चकित होई. जुने लोक आपापल्या कामाला निघून जात.

त्यांच्या जिभेला काहीच कळत नसे, असे मी म्हणणार नाही. खोटे लिहू नये असे मला शिकवले आहे. वीस वर्षांपूर्वी जंतुनाशक औषध सोडणारा पंप बंद पडला होता आणि त्याच्या काट्यावर मात्र सर्व ठीक दिसत होते. तेव्हा त्यांनी पाण्याची चव घेऊन आरडाओरडा केला आणि पंप वेळेवर सुरू झाला. वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी चार ओळी छापून आल्या. त्या चार ओळींवर त्यांनी पुढची वीस वर्षे काढली. ते कात्रण पाकिटात ठेवून ठेवून घडीवर फाटले, तर त्यांनी ते चिकटपट्टीने जोडले. मात्र त्या दिवसानंतर दुसरे काही जोडण्याचे कष्ट त्यांनी घेतल्याचे मला आठवत नाही.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. सकाळी सार्वजनिक नळावरून पिंप भरण्याचे काम सासूबाईंनी दोघा भावांना नेमून दिले होते. माझे यजमान बादल्या वाहून आणीत आणि धाकटे भाऊ पिंपाचे झाकण धरून उभे राहत. पिंप भरले की तेच आत जाऊन सांगत, "आई, आम्ही भरलं." 'आम्ही' या शब्दाचा इतका निर्लज्ज वापर मी पुढे केवळ मोठ्या साहेब लोकांच्या तोंडी ऐकला.

यजमान त्याच केंद्रात फिटर होते. भावाला त्यांनीच नोकरीस लावले. दोघांनी मिळून घर बांधले. कागदपत्रांचे काम धाकट्याकडे होते, म्हणून घर धाकट्याच्या नावावर झाले. माझ्या यजमानांना त्यात काही वावगे वाटले नाही, कारण ज्याला पाना धरता येतो त्याला बहुधा कागद धरता येत नाही. बारा वर्षांपूर्वी ते हृदयविकाराने गेले. मला मागची खोली मिळाली. दीर मला दर आठवड्याला एकदा तरी म्हणत, "राहा हो वहिनी, कुणी हाकलतंय का?" न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माणूस पुन्हा पुन्हा देऊ लागला, की तो प्रश्न त्याच्याच मनात घोळत आहे, असे समजावे.

यजमानांच्या जागी मला केंद्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम मिळाले. त्याच सुमारास कोळशाचे गाळणीघर बांधण्यात आले. ते कशासाठी बांधले हे सांगितल्यावाचून पुढचे काही कळणार नाही.

आमच्या नदीच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचे कारखाने आहेत, प्लॅस्टिक मऊ करणारा एक कारखाना आहे आणि दुसऱ्या एका शहराचे सांडपाणीही तिथेच नदीला मिळते. नदीच्या खालच्या अंगाला नर माशांच्या पोटात अंडी सापडू लागली, तेव्हा लोक जागे झाले. प्रयोगशाळेच्या मुख्य बाई वयाने मला मुलीसारख्या आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बसवून सर्व समजावून दिले.

"मावशी, आपल्या शरीरात ग्रंथी असतात. त्या रक्तातून निरोप पाठवतात. आता वाढ, आता थांब, आता मूल धर. त्या निरोप्यांना संप्रेरकं म्हणतात. पाण्यातली ही द्रव्यं माणसाला लगेच मारत नाहीत. ती खोटा निरोप देतात आणि शरीर तो खरा मानून चालतं."

"म्हणजे शेजारणीनं सासूच्या आवाजात हाक मारावी आणि सुनेनं हातातलं काम टाकून धावावं, तसं?" मी विचारले.

बाईंनी ते वहीत टिपून घेतले. "हे मी पुढच्या बैठकीत सांगते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते खरोखर सांगितले.

ही द्रव्ये उकळून जात नाहीत, औषधाने जात नाहीत आणि वाळूतून गाळूनही जात नाहीत. ती कोळशाला चिकटतात. हा चुलीतला कोळसा नव्हे. तो खास भाजून त्याच्या दाण्यादाण्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पाडलेली असतात. सहा टाक्यांत असा कोळसा भरलेला आहे. पाणी सहा वाटांनी सहा टाक्यांतून जाते आणि नंतर एका मोठ्या टाकीत एकत्र होते. छिद्रे भरली की कोळसा निकामी होतो आणि तो काढून नवा भरावा लागतो. एका टाकीचा कोळसा बदलायला आठ दिवस लागतात, आणि ओला कोळसा फावड्याने उपसण्याइतके घाणेरडे काम केंद्रात दुसरे नाही.

कोळसा निकामी झाला हे ओळखायचे कसे? दीर मूठभर कोळसा हातात घेत आणि म्हणत, "बघा, अजून काळाकुळकुळीत आहे!" कोळसा उगाळावा तितका काळाच, हे लहान मुलालाही ठाऊक असते, परंतु मुकादमांनी त्यालाच शास्त्र केले होते. खरी रीत अशी, की दर महिन्याला प्रत्येक टाकीतून बाहेर पडणारे पाणी वेगळ्या बाटलीत भरून तपासायचे. ज्या बाटलीत दोष सापडेल, त्या टाकीचा कोळसा बदलायचा. पहिल्या पाच टाक्यांचे नमुन्याचे नळ नऊ पायऱ्या खाली, एका ओल्या खड्ड्यात आहेत. सहावी टाकी तीन वर्षांनी बांधली गेली. तिचा नळ वर, कमरेच्या उंचीवर आहे. त्या नळाच्या शेजारी मुकादमांची खुर्ची आणि पंखा असे.

बाटल्या तपकिरी काचेच्या असतात. प्लॅस्टिकची बाटली चालत नाही, कारण जे शोधायचे तेच त्या बाटलीतून पाण्यात उतरते. मी प्रत्येक बाटली गरम पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मग बाईंनी दिलेल्या द्रावणाने विसळत असे आणि शेवटी ती भट्टीत भाजली जाई. मी हाताला तेल लावीत नसे. सुगंधी साबण मी घरातूनच काढून टाकला. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. ज्या द्रव्याचा शोध घ्यायचा, ते एवढ्या मोठ्या तलावात मिठाच्या खड्याएवढे असते. तिथे हात अस्वच्छ ठेवणे हा निव्वळ अपराध आहे.

गेल्या वर्षी गोंधळ सुरू झाला. सर्व पाणी एकत्र होते त्या मोठ्या टाकीचा नमुना बाई स्वतः भरीत. त्यात ती द्रव्ये सापडू लागली. पहिल्या महिन्यात थोडी सापडली, दुसऱ्या महिन्यात अधिक आणि तिसऱ्या महिन्यात त्याहून अधिक. मुकादमांनी भरून पाठवलेल्या सहा बाटल्या मात्र तिन्ही महिने स्वच्छ निघाल्या.

मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली. बाटल्या आणून मांडायच्या होत्या, म्हणून मी दाराजवळ उभी होते.

"सहा बाटल्या स्वच्छ आणि सातवीत दोष. म्हणजे काय बाई?"

"तेच तर कळत नाही सर. सहा पातेल्यांतलं बिनमिठाचं पाणी एकत्र केलं तर ते खारट कसं होईल?"

दीर हसले. "साहेब, सहा सुना एकेकट्या भेटा, सगळ्या गरीब गाई. एका स्वयंपाकघरात घाला, मग बघा!"

साहेब हसले. साहेब हसले म्हणून कारकून हसले. मी स्वतः सून होते, त्यामुळे मला हसू आले नाही. बाईही हसल्या नाहीत.

मग दिरांनी आवाज खाली आणला. अशा आवाजात ते बोलू लागले, की कोणाचे तरी वाईट होणार हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. "साहेब, मशीन चांगलं आहे. बाईपण हुशार आहेत. बाटल्या कोण धुतं, ते बघा. आमच्याच घरातल्या आहेत म्हणून मी इतके दिवस बोललो नाही. आता वय झालं. हात कापतो. साबण आत राहून जातो. आणि साबणात हीच द्रव्यं असतात, बाईच सांगतात."

"मी दर वेळी एक कोरी बाटलीही तपासते," बाई म्हणाल्या. "त्यात नुसतं शुद्ध पाणी असतं. ती दर वेळी स्वच्छ निघते. मावशींच्या धुण्यात काही दोष नाही."

"ती एक जपून धुतात हो. परीक्षेची वही वेगळी आणि रोजची वही वेगळी."

माझा हात कापत नाही. मी तो तिथेच पुढे करून दाखवला असता. परंतु साहेब घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी निर्णय सांगितला. येत्या सोमवारपर्यंत कारण सापडले नाही, तर बाटल्या धुण्याचे काम बाहेरच्या लोकांना द्यायचे आणि मला कमी करायचे. निष्काळजीपणाचा शेरा मारून कमी करायचे. मी त्या कामाला अकरा वर्षे दिली होती.

शनिवारी दुपारी दीर माझ्या खोलीत आले. त्यांच्या हातात टंकलेला कागद होता.

"वहिनी, इथं सही करा. नाहीतर अंगठा लावा, तुम्हाला सोपं पडेल ते."

"कशाचा कागद आहे, भावोजी?"

"म्हातारपणाच्या सवलतीचा अर्ज आहे. हलकं काम द्या म्हणून. वाचून दाखवतो." आणि त्यांनी खरोखरच वाचून दाखवले. वय, प्रकृती, दीर्घ सेवा, विनंती, सर्व काही त्यात होते. त्यांचा आवाज चांगला होता. इतक्या सफाईने न लिहिलेले वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी कागद घेतला आणि चष्मा लावला. मी पाच वर्षे प्रौढ वर्गाला जात होते आणि त्यांना ते ठाऊक होते; परंतु वर्गात आम्ही पाटीवर बदके काढतो, असा त्यांचा समज होता. मी बोट ठेवून ओळीओळीने वाचले. मला वेळ लागला. तोवर ते खुंटीवरच्या माझ्या छत्रीकडे पाहत राहिले.

"यात लिहिलंय, 'बाटल्या धुताना माझ्याकडून वारंवार निष्काळजीपणा झाला असून त्यामुळे तपासणीचे निष्कर्ष चुकले, हे मी मान्य करते.' सवलत कुठं आहे, भावोजी?"

"अहो, कागदाची भाषा वेगळी असते."

"निष्काळजीपणा म्हणजे काय ते मला शिकवलंय. बारावा धडा."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काही उमटले. ती लाज होती असे मला म्हणता येणार नाही. ती अडचण होती. "वहिनी, घरातलं घरात मिटवू. मी मुकादम आहे, माझ्यावर ठपका आला तर घराची अब्रू जाते. तुमचं काय, आज ना उद्या बसायचंच आहे घरी. एवढी खोली आहे तुम्हाला. कुणी हाकलतंय का?"

"अजून तरी नाही."

"मग तशी वेळ आणू नका," ते म्हणाले आणि कागद तिथेच ठेवून गेले.

ते गेल्यावर धाकटी जाऊ आत आली. तिने दाराआडून सर्व ऐकले होते आणि ऐकले नाही असे दाखवण्याचे कष्टही तिने घेतले नाहीत.

"निष्काळजी म्हणे! ताई, ह्या माणसानं आयुष्यात स्वतःचा पेला विसळला नाही, तो तुम्हाला धुणं शिकवतोय?"

"त्यांचं जाऊ दे. तू मला एक सांग," मी म्हटले. त्या कागदाने माझे डोके तापले होते आणि मी मनात एकेक बाटली पुन्हा धूत होते; बाटल्यांवरचा गंज नीट निघत होता ना, अशी शंका मला आली. "खड्ड्यातल्या नळांचा गंज त्यांच्या कपड्यांना लागतो. तो तू कशानं काढतेस?"

"गंज? पूर्वी लागायचा. विजारीच्या गुडघ्यांवर तांबडे डाग. लिंबू चोळून चोळून माझी बोटं सोलायची. आता कुठला गंज! आता कपडे नुसते घामाला धुवायचे."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं तरी झाली. मला वाटलं, तिथं नवे नळ बसवले."

तिथे नवे नळ बसवलेले नव्हते. आणि मला आठवले, की पूर्वी पहिल्या पाच बाटल्यांच्या गळ्यावर तांबड्या बोटांचे ठसे असत. टाकीचा क्रमांक लिहिलेल्या कागदी पट्ट्या ओल्या होऊन मऊ पडत. ते ठसे घासताना मी कुरकुर करीत असे. अलीकडे सर्व बाटल्या सारख्याच कोरड्या येत, आणि मी मूर्खासारखी समाधान मानीत होते, की चला, दीर सुधारले.

जाऊ माझ्याकडे पाहत होती. विजार ती धूत होती, बाटली मी धूत होते. दोघींनी दोन वर्षे एकाच माणसाचा आळस धुतला आणि एकमेकींना एक शब्द सांगितला नाही.

"घरात जिना चढत नाहीत, म्हणे गुडघे दुखतात," जाऊ हळूच म्हणाली. "तिकडं नऊ पायऱ्या उतरत असतील होय? ताई, कुठंतरी पाणी मुरतंय."

मी ते सोमवारी सकाळी बाईंना सांगितले. मग त्यांनी कपाटातून सहा बाटल्या काढल्या. "या मी स्वतः धुतल्यात. तुम्ही हात लावू नका. तुम्ही फक्त एवढंच मागा, की भरताना साहेबांनी बघावं."

अकरा वाजता सर्व जण गाळणीघरात जमले. मी तो कागद सही न करता साहेबांपुढे ठेवला आणि म्हटले, "साहेब, हा माझा कागद नाही. बाटल्या आज बाईंनी धुतल्यात. त्या कशा भरतात, एवढं एकदा बघा. मग मला काढा."

साहेबांनी खड्ड्याकडे पाहिले, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिले.

"साहेब, पायऱ्या निसरड्या आहेत," दीर तत्परतेने म्हणाले. "तुम्ही पंख्याखाली बसा. मी भरून आणतो, पाच मिनिटांत."

आणि साहेब बसणार होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ज्याच्या हाती सर्व शहराचे पाणी आहे, तो माणूस बुटांसाठी बसणार होता. मी काही न बोलता पायऱ्या उतरू लागले. माझे वय तेव्हा एकसष्ट होते. माझ्यामागे बाई उतरल्या. मग साहेबांना वर राहणे कठीण झाले.

खाली पाच नळ ओळीने होते. पहिल्या नळाच्या चाकावर कोळ्याचे जाळे होते. ते चाकापासून भिंतीपर्यंत इतके नीट विणलेले होते, की ते मोडताना मलाच वाईट वाटले. दिरांनी चाक धरले. चाक फिरले नाही. त्यांनी रुमाल गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला. त्यांच्या मानेवरच्या शिरा फुगल्या, परंतु चाक होते तिथेच राहिले.

"आजच अडकलं," ते म्हणाले.

"दुसरा बघा," साहेब म्हणाले.

दुसराही फिरला नाही. तिसऱ्याला त्यांनी नुसता हात लावला.

"पाचही आजच अडकले?" बाईंनी विचारले. "एकाच दिवशी पाचही जण आजारी?"

फिटरला बोलावले. तो माझ्या यजमानांच्या हाताखाली शिकलेला आहे. त्याने हातोडीने चाकावर टक् टक् केले आणि नखाने गंजाचा पापुद्रा सोलून साहेबांना दाखवला. "हे आजचं नाही साहेब. हा नळ दोन वर्षांत कुणी हलवलेला नाही. जीभसाहेब, तुम्ही पाणी भरत होता तरी कुठून? दारं बंद, नि घरात पाहुणे!"

कोणीतरी हसले. आता मात्र दीर हसले नाहीत. त्यांनी खड्ड्याच्या मधोमध उभे राहून भाषण सुरू केले. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे म्हणतात, आणि तो खळखळाट त्या बंद जागेत फारच घुमत होता.

"साहेब, पाणी एकच आहे! नदी एक, वरून येणारा पाइप एक, कोळसा एका कारखान्याचा. सहाव्या टाकीचं घेतलं काय अन् पहिलीचं घेतलं काय! भात शिजला का ते बघायला माणूस सगळं पातेलं खातो का? एक शीत पुरतं. अडतीस वर्षांची नोकरी आहे माझी, मला कळतं!"

माझ्या तोंडून आपोआप निघाले, "भावोजी, शीत त्याच पातेल्यातलं घ्यायचं असतं."

साहेबांनी फिटरला नळ उघडायला सांगितले.

फिटरने तेल सोडून, पाना लावून पाचही नळ उघडले. प्रथम तांबडे पाणी आले, मग स्वच्छ आले. दिरांना अजूनही आशा होती. त्यांनी पहिल्या नळाखाली ओंजळ धरली, घोट घेतला, डोळे मिटले आणि तो तोंडात फिरवला. त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि कोणी अडवलेही नाही.

"गोड आहे," ते म्हणाले. "एकदम स्वच्छ. मी लिहून देतो."

"याला चव नसते का हो बाई?" साहेबांनी अकरा वर्षांनी प्रथमच विचारले.

"चव नाही, वास नाही, रंग नाही. असती तर सर, प्रयोगशाळा कशाला लागली असती?"

गुरुवारी निकाल आला. पाच टाक्यांपैकी चार टाक्यांचा कोळसा पूर्ण निकामी झाला होता आणि पाचवीचा होत आला होता. सहावी टाकी एकटी काम करीत होती आणि त्या एकटीच्या पुण्याईवर मुकादम सहा बाटल्या भरीत होते. पंख्याखाली, खुर्चीत बसून, एकाच नळातून. मोठ्या भावाने बादल्या वाहाव्यात आणि धाकट्याने झाकण धरावे, हा त्यांचा धर्म होता. भाऊ गेल्यावर पुढे त्यांनी ते काम एका टाकीकडे दिले.

तीन महिने शहराने ते पाणी प्यायले. त्याने कोणाचे काय झाले, हे मी बाईंना विचारले. "सांगता येत नाही मावशी," त्या म्हणाल्या. "कदाचित काहीच नाही. कदाचित वीस वर्षांनी कुठल्यातरी घरात काहीतरी होईल आणि ते ह्यामुळं झालं हे कुणालाही कळणार नाही. म्हणून तर राग येतो." मला ते पटले. ज्या नुकसानीकडे बोट दाखवता येत नाही, ते करणाऱ्याला झोप फार शांत लागते.

मला कामावर ठेवले. शेरा मारला गेला नाही. साहेबांनी माझी क्षमा मागितली नाही, परंतु पायऱ्यांना कठडा बसवण्याचा हुकूम दिला, आणि मोठी माणसे अशीच चूक कबूल करतात असे मला सांगण्यात आले. दिरांना कोणी काढले नाही. निवृत्तीस सात महिने उरले होते, म्हणून त्यांना मुख्य फाटकावर बसवले. खुर्ची आणि पंखा ते बरोबर घेऊन गेले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगू लागले, की पाच टाक्यांचा दोष त्यांच्या देखत उघडकीस आला. ते खरेच होते. चोर पकडला जातो तेव्हा चोरही हजर असतोच.

खड्ड्यात उतरलो, त्याच सोमवारी संध्याकाळी माझी पेटी ओसरीवर ठेवलेली आढळली. "खोली दुरुस्तीला काढायची आहे," दीर माझ्याकडे न पाहता म्हणाले. माझ्या यजमानांनी स्वतःच्या हाताने त्या खोलीच्या खिडकीची चौकट बसवली होती. मी ती चौकट शेवटची पाहिली आणि पेटी उचलली. फिटरच्या आईने तिच्या घरामागची एक खोली मला दिली. तिथे खिडकी लहान आहे, परंतु ती उघडताना कोणाची परवानगी लागत नाही.

दीड महिन्यानंतर एका सकाळी जाऊ आली. तिच्या हातात पिशवी होती.

"ताई, निरोप आणलाय. फाटकावर लोक विचारतात म्हणे, वहिनींना का काढलं म्हणून. ते म्हणाले, 'तिला सांग, मी माफ केलं. परत ये म्हणावं.'"

"त्यांनी मला माफ केलं?"

"हो."

"कशाबद्दल?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, 'एकूणच.'"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो आणि मग जाऊला इतके हसू आले, की तिला खाटेवर बसावे लागले. मलाही आले. हसून झाल्यावर मी तिला शांतपणे सांगितले, "त्यांना सांग, मी परत येणार नाही. आणि त्यांना हेही सांग, की मी त्यांना माफ केलेलं नाही. एकूण नाही, अन् सुटंसुटंही नाही."

"सांगते," जाऊ डोळे पुसत म्हणाली. "पण आज नाही." तिने पिशवी उघडली. आत तिचे दोन जोड कपडे आणि उशीचा अभ्रा होता. "चार दिवस इथं राहते. घरातले पेले बघू तरी कोण विसळतं. खुंटी कुठंय?"

मी माझी छत्री काढून तिला खुंटी मोकळी करून दिली.